परत आलेली तक्रार

मिठागराची जमीन विकायला येसूबाईने सही केली नाही, म्हणून आमच्या शूर पंचांनी तिचं घर वाळीत टाकलं. मिठागरवाल्या घराला दुकानात मीठ मिळेना, की कुणाच्या हळदीचं बोलावणं येईना. सून कल्पिताने अलिबागच्या एका कचेरीबाहेर रंगवलेल्या ईमेल पत्त्यावर तक्रार पाठवली. ती लगेच परत आली : हा पत्ता अस्तित्वात नाही, पुन्हा पाठवू नका.

"गावानी टाकला, आता या फोननीपन टाकला का गो?" येसूबाई म्हणाली.

कल्पिताने कचेरीत जाऊन परत आलेला मेल दाखवला. साहेबांनी चहा पिता पिता वाचला.

"हा पत्ता कधीचाच बंद झालाय, बाई. पण तक्रार मेलवरच घ्यायची, असा नियम आहे."

"मग माझ्या तक्रारीचं काय?"

"कुठली तक्रार? आमच्याकडे आलीच नाही."

 

पंधरा ऑगस्टला त्याच साहेबांनी आमच्या पंचांना 'वाळीतमुक्त गाव' म्हणून ढाल दिली. टाळ्या वाजवायला सगळं गाव बोलावलं होतं, एक घर सोडून.