भैरूची तोंडी परीक्षा

"लोखंड पृथ्वीच्या पोटात का गेलं? वरच का नाही राहिलं?" विजयश्री मॅडमनी विचारलं.

मोशीच्या शाळेत मोठ्या माणसांच्या दहावीची विज्ञानाची तोंडी परीक्षा चालली होती. चाकणच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून भैरू तसाच इथं आला होता. दहाला नंबर लागेल म्हणाले होते, आता दोन वाजले होते. पोरांच्या बाकात त्याचे गुडघे मावत नव्हते.

आधीचा प्रश्नही चुकला होता. पृथ्वीचं वय त्यानं चारशे वर्षं सांगितलं, मॅडमचा चेहरा बघून चार हजार केलं.

सकाळपासूनचा हा सव्विसावा माणूस. मॅडमनी डोळे चोळले. "राहू द्या. पुढच्या वेळी वाचून या."

"पुढची वेळ न्हाई मॅडम," भैरू हळू म्हणाला. "कंपनीत नवी भट्टी येतीय. दहावीचा दाखला असंल त्यालाच तिच्यावर ठेवनार. एकवीस वर्षं मी भट्टीवर हाय. दाखला न्हाई दिला तर घरी."

मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते.

"भट्टीत काय वितळवता?"

"भंगार."

"त्यातली घाण कुठं जाते?"

"वर येती. हलकी असती ना. लोखंड जड, ते खाली ऱ्हातं. घाण आमी लांब दांड्यानं वढून काढतो. न्हाई काढली तर गार होऊन तिचं दगडावानी..." तो थांबला. "मॅडम, पृथ्वी बी आधी अशीच पातळ व्हती का?"

"होती."

"मंग लोखंड बुडालं. आन् आपन त्या वरच्या घाणीवर ऱ्हातो."

"पुस्तकात तिला कवच म्हणतात," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "पुढं काय झालं?"

"गार झाली. लई काळ लागला आसंल. वाफंचं पानी झालं, खळग्यात साठलं. त्यात जीव आला." भैरूनं जांभई दाबली. "गार झाल्याबिगर कसा येनार? आमच्या भट्टीपाशी माशी बी बसत न्हाई."

मॅडमनी गुण मांडले. समोर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे सरकवला. भैरूनं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. उठायचं मात्र त्याच्यानं होईना. मॅडमनीही पुढच्या माणसाला हाक मारली नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "गुणांसाठी नाही. तो पहिला जीव कसा असेल, काय वाटतं तुम्हाला?"

"बारका. एका पेशीचा. डोळ्याला न दिसनारा."

"त्याला काय काय येत असेल?"

भैरूनं डोळे मिटले. झोपला की काय, असं त्यांना वाटलं.

"धड कायच येत नसंल," तो म्हणाला. "टिकला तेवढा."