प्रतिनिधी द्रव्य

“मेदा वनस्पती आता कुठली मिळायला? शतावरी घातली. काकोलीच्या जागी अश्वगंधा. शास्त्रात प्रतिनिधी द्रव्य चालतं,” कढईतला च्यवनप्राश ढवळत केळशीकर वैद्य म्हणाले. “रोज दोन चमचे घे. महिन्यात पाच किलो वाढलास, तर आमची मृदुला तुझी.”

यशोधनने दोन बरण्या चाटूनपुसून संपवल्या. काटा तसूभर हलला नाही.

ठरल्या दिवशी त्याने आपल्या गुटगुटीत चुलतभावालाच वैद्यांच्या वजनकाट्यावर उभं केलं. “काका, माझ्यात काही वजन मिळेना. म्हणून प्रतिनिधी आणलाय.”

त्याला वाटलं, वैद्य ओशाळतील. वैद्यांनी चष्मा सावरून आकडा वाचला, भावाचे दंड चाचपले, जीभ बघितली.

“ब्याऐंशी! वा, लागू पडला की माझा प्राश! मुलगा पसंत. मुहूर्त याच्याशीच धरू.”

यशोधन भावाला काट्यावरून खाली ओढू लागला. भाऊ चक्क लाजला.

तेवढ्यात मृदुला माजघरातून बाहेर आली.

“बाबा, मूळ द्रव्य मिळत नसेल तरच प्रतिनिधी घेतात ना?” तिने यशोधनचं काडीसारखं मनगट धरलं. “हे मिळतंय.”