बापूसाहेब चौक

लातुरात क्लासेसच्या रस्त्यावरल्या चौकात टेम्पोनं माझ्या लेकीचा, उर्वीचा पाय मोडला. गतिरोधक टाका म्हणून आम्ही गल्लीतल्या बायांनी नगरसेवकाकडं किती खेटे घातले. मोबाईलमधून डोकं वर न काढता तो दर वेळी म्हणायचा, "अर्ज ठेवून जा ताई, बघू."

शेवटी आम्ही मागणीच बदलली. "दादा, चौकाला तुमच्या वडलांचं, स्वर्गवासी बापूसाहेबांचं नाव द्या." दादाचे डोळे भरून आले. आठवड्यात कमान उभी राहिली. आम्हाला शाल-नारळ मिळाला.

मग पेपरात यायला लागलं, 'बापूसाहेब चौकात पुन्हा अपघात', 'बापूसाहेब चौक की मृत्यूचा सापळा?' गतिरोधक पडले, सिग्नलही लागला. पण लोकांच्या तोंडात बसलं ते बसलंच. पोरगं गाडी जोरात काढाय लागलं की आई ओरडते, "बापूसाहेबात मरायचंय का?"

काल दादा घरी आला. चहाला हात लावला नाही.

"ताई, आमची आई लई रडायलीय. नाव तुम्ही मागितलं, तुम्हीच काढा म्हणा. मी लेक असून कसं म्हणू, बापाचं नाव काढा म्हणून?"

 

मी मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

"अर्ज ठेवून जा दादा, बघू."