एकशे तीस किलोमीटर

"टाकी गळ्यापर्यंत भरलीय, आन् ही पडद्यावरची बया म्हणती रिकामी. माणसानं इस्वास ठिवायचा कुणावर?" गाडीखालून शंकरप्पा पुटपुटला.

बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. पायांशी जया उभी होती, हातात किनवटच्या वसतिगृहाची ऑर्डर घेऊन. अधीक्षिका म्हणून उद्या दुपारपर्यंत हजर व्हायचं. नाही झाली तर जागा दुसरीला.

गाडी तिच्या नवऱ्याची, भारतची. भारतला जाऊन दहा महिने झाले होते. बायकोला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं. गेल्या महिन्यात जया दोनदा किनवटला निघाली, आणि दोन्ही वेळा जळकोटची वेस ओलांडायच्या आत पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. डिझेलच्या धुरासाठी वेगळ्या टाकीत भरतात तो युरिया संपला, एकशे तीस किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. दोन्ही वेळा ती परत आली. एसटीनं जाते म्हणाली, तर सासरे लक्ष्मणराव म्हणाले, "दारात गाडी असून भारतची बायको एसटीनं? गाव थुंकंल माझ्या तोंडावर."

म्हणून आज उदगीरहून मिस्त्री बोलावला होता.

"शेतातला युरिया चालत न्हाई का हो ह्याला?" पायरीवर बसलेल्या सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी विचारलं. "घरात दीड पोतं पडलंय."

"तसं करणारे बी येत्यात आमच्याकडं, मावशी. मग टाकीतलं मीठ खरवडत बसतो आम्ही." शंकरप्पा सरकत बाहेर आला. त्यानं स्कॅनर लावला. "सेन्सर जिता हाय. मधीच बोलतो, मधीच गप होतो. पण आकडा दर बारीला एकच, एकशे तीस. दुसऱ्या गाड्यात उतरत जातो. हे मला बी कळंना, अक्का."

दारापासून एकशे तीस किलोमीटरवर भोकरचा फाटा येतो. दहा महिन्यांपूर्वी गाडी त्याच फाट्यावर सापडली होती, कडेला नीट लावलेली. इंजिन चालू होतं. भारत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, डुलकी लागल्यासारखा.

"त्याच्याच मनात नसंल तिनं जावं," लक्ष्मणराव गाडीच्या टपाकडं बघत म्हणाले.

दहा महिने या घरात प्रत्येक गोष्टीला आधी भारतचं मन बघितलं जात होतं. होता तेव्हा त्याला कुणी, भाजी कसली करू, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

शंकरप्पा टॉर्च घेऊन पुन्हा खाली गेला. बराच वेळ त्याचे पाय हलले नाहीत.

"अक्का, जरा वाकता का?"

ती वाकली. टाकीजवळ वायरीची पिन अर्धी बाहेर आली होती.

"उंदरानं केलं असंल," लक्ष्मणराव घाईनं म्हणाले.

"उंदीर कुरतडतो, काका. गाठ मारत न्हाई."

वायरीला काळा दोरा गच्च आवळला होता. त्याच्या ताणानं पिन निसटत होती. दोऱ्यात एक बिब्बा, भारतच्या निळ्या शर्टाचं बटण आणि केसांचा पुंजका. शंकरप्पानं दोरा कापून ते सगळं जयाच्या तळहातावर ठेवलं आणि हात पँटला पुसले. मग पुन्हा पुसले.

जयानं गुंतवळ निरखून बघितली. लांब केस, टोकांना मेंदीची लाली. तिच्याच फणीतले. बटणाच्या चारही भोकांतून ते इतक्यांदा ओवले होते की सुटता सुटेनात.

खट् करून पिन बसली. पडद्यावर टाकी भरली, आकडा गेला. शंकरप्पानं कुणाकडं न बघता पाने गोळा करायला घेतले.

"आत्याबाई," जया म्हणाली आणि तळहात त्यांच्यापुढं धरला.

"मधी बोलू नका तुम्ही," पंचफुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. ते बोलतच नव्हते. "म्या बांधलं. माझ्या लेकाला कशाला पुढं करता?" मग त्या सुनेकडं वळल्या. आवाज अगदी रोजचा, चहा टाकू का विचारावं तसा.

"तू हाईस तवर तो कुठंतरी गावाला गेलाय, माय. तू गेलीस म्हंजी मेला."