नवऱ्याचं नाव

सकीनाने गोदूबाईच्या घरात चूल पेटवली, दोरीवर गोदूबाईचं लुगडं वाळत टाकलं आणि पदर भुवयांपर्यंत ओढून उंबऱ्यात कांदे चिरायला बसली. घर नांदतं दिसलं पाहिजे ना! गोदूबाई नवऱ्याबरोबर मिठागरावर होती, आणि मिठाचा हंगाम सोडून कोण येतो? इकडे पेणच्या खाडीकाठची ही अख्खी आळी पाडून मोठ्या इमारती व्हायच्या होत्या. मोजणीला ज्याच्या घरात माणूस सापडेल त्याला सरकारी घरकुल. दार बंद दिसलं की नाव कटाप. "तू जा गो, मी बघते," असा शब्द सकीनाने देऊन ठेवला होता.

मोजणीवाले खाडीकडून येतील, गोदूबाईचं घर आधी लागेल, मग मागच्या दाराने आपण शेजारच्या आपल्या घरात शिरू, असा तिचा बेत. ते मेले आले नाक्याकडून!

"शेजारचं घर बंद होतं, फुली मारली," असं म्हणतच मुंबईची बाई पुढे आली. शहर वाढलं की गरीब कुठे जातात, यावर ती मोठा प्रबंध लिहीत होती आणि त्यासाठीच सरकारची ही मोजणीही तिने अंगावर घेतली होती. बरोबर कागद सांभाळणारा कारकून, रोह्याचा पुंडलिक.

 फुली सकीनाच्याच घरावर पडली होती; नवरा कामावर, दाराला कडी. 'ते घर माझं' म्हणावं तर गोदूबाईचं जातं, गप्प बसावं तर आपलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तेही पेणमध्ये!

"नाव?" बाईने विचारलं.

"गोदूबाई."

"नवऱ्याचं?"

"काळुराम!" सकीनाने ठणकावून सांगितलं.

पुंडलिकने मान वर केली आणि सकीनाने जीभ चावली. या अल्ला! या वयाची बाई कधी नवऱ्याचं नाव घेते? लाजते, पदर तोंडाला लावते, शेजारणीला सांगायला लावते. आपण तर दुधवाल्याचं सांगावं तसं सांगून मोकळ्या झालो.

पुंडलिक भांड्यावाचून जळणाऱ्या चुलीकडे बघत होता. "शेजारी कोण राहतं?" त्याने सावकाश विचारलं.

"सकीना. पाव आणायला गेलीय, येईल आता. ती फुली खोडा साहेब. लग्न होऊन आली ती त्याच घरात."

"तिच्या नवऱ्याचं नाव?"

सकीनाने तोंड उघडलं. निकाहापासून जे नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं, ते ओठापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कानशिलं तापली. तिने पदर तोंडाला लावला.

"शेजाऱ्याचं नाव माहीत नाही तुम्हाला?" बाईला नवल वाटलं.

"ठाऊक हाय त्यांना," पुंडलिक म्हणाला. "त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल." त्याने फुलीचा कागद काढला आणि पेन सकीनापुढे धरलं. "लिहिता येतं ना?"

सकीनाने हात पुसले. अक्षराला अक्षर जोडत फुलीच्या शेजारी लिहिलं, अब्दुल. मग तिला रडूच फुटलं. कांदे समोर होते, म्हणून निभावलं.

बाई कागदाकडे बघत होती. "अहो, पण ते घर बंद आहे. आणि या तर गोदूबाई..."

"मॅडम, तुमच्या प्रबंधाच्या या कागदात शेजाराला रकाना हाय?"

बाईने कागद उलटून पाहिला. मागची बाजूही पाहिली.

"नाही."

"मग दोन्ही घरांपुढं लिहा, राहतात."