बटण नसलेली भाषा

“त्या म्हाताऱ्याला फ्रेंचमध्ये विचारायला सांगा, नाहीतर रांग पुढे सरकवा,” मंडपाचा व्यवस्थापक मस्यू लानोआ आलिडाच्या कानाशी येऊन म्हणाला.

म्हातारा जागचा हलला नाही. टोपी डोक्यावरच. त्याने पुन्हा फ्लेमिशमध्येच सांगितलं, “एकोणीसशे सतरा.”

एकोणीसशे अठ्ठावन्नमध्ये ब्रसेल्सला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात सेलेक्टा कंपनीच्या मंडपापुढे रोज रांग लागायची. मंडपात मधोमध कपाटाएवढं यंत्र होतं. पाहुण्याने साल सांगायचं, भाषा सांगायची, निळ्या गणवेशातल्या मुलीने बटण दाबायचं. मग यंत्र खडखडायचं आणि त्या साली जगात काय घडलं ते कागदावर छापून द्यायचं. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवायचं. सात भाषांची बटणं होती. रशियनसुद्धा होतं. फ्लेमिशचं तेवढं नव्हतं. अर्ध्याहून जास्त बेल्जियम तीच भाषा बोलतो, पण कंपनीचं म्हणणं असं, की फ्लेमिश लोकांना फ्रेंच येतंच, वेगळं बटण हवं कशाला? आणि आमच्या लोकांनी तरी कंपनीला कुठे खोटं पाडलं होतं! राजधानीत काउंटर दिसला रे दिसला, की फ्लेमिश माणूस आपोआप टोपी काढतो आणि मोडकंतोडकं फ्रेंच बोलू लागतो. सकाळपासून बटणांपाशी उभ्या असलेल्या आलिडापुढे तेच चाललं होतं. मुलींनीही कामावर फ्लेमिश बोलायचं नाही, असा लानोआचा नियम होता.

आलिडाने तो कधी मोडला नव्हता. मोडून परवडणारही नव्हतं. प्रदर्शन संपलं की एकाच मुलीला कंपनीच्या कचेरीत कायमची नोकरी मिळणार होती, आणि लानोआने तिचं नाव जवळजवळ नक्की केलं होतं. पोपरिंग गावी, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यात परत जायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आणि समोरचा म्हातारा तिचा बाप होता. मेडार्ड. पाद्रीबुवांनी ठरवलेल्या बसमधून गावकऱ्यांबरोबर आला होता. लानोआला हे ठाऊक नव्हतं, आणि होऊही नये असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिला लाज वाटत होती. ती लहानपणापासूनची होती. नोटरीपुढे, स्टेशनवर, इस्पितळात, कुठेही फ्रेंच कानावर पडलं की बापाचं तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं. मग चिमुरड्या आलिडाने मध्ये पडून दुभाषाचं काम करायचं. लोक हसायचे. कॉन्व्हेंटमध्ये जीव तोडून ती फ्रेंच शिकली ती त्या हसण्यातून सुटायला.

लानोआने आता आवाज चढवला. रांगेतल्या दोन बायकांकडे बघून म्हणाला, की आज हे खेडवळ लोक यंत्र बघायला आलेत, उद्या आपल्या गायीही घेऊन येतील. बायका हसल्या.

बापाने आलिडाकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. इतका वेळ त्याने ओळख दाखवली नव्हती. पोरीच्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून तो परक्यासारखा उभा होता. ते तिच्या आत्ता लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबा, पुढे या,” ती खणखणीत फ्लेमिशमध्ये म्हणाली.

तिने फ्रेंचचं बटण दाबलं. कागद बाहेर आला. त्यावर छापलं होतं, की त्या साली, पहिल्या महायुद्धात, येझर नदीच्या आघाडीवर आमचे अधिकारी आणि शिपाई एका आवाजात बोलत होते, म्हणूनच टिकून राहिले. आलिडा त्या ओळीपाशी अडली. बापाबरोबर लढणारा तिचा काका कामील त्याच साली तिथे मेला होता. बापाने त्याबद्दल सांगितलं होतं ते एवढंच, की मागे फिरा असा हुकूम झाला, फ्रेंचमध्ये झाला, आणि कामील पुढे गेला.

बाप तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. तिने कागद समोर धरला आणि फ्लेमिशमध्ये वाचायला लागली.

“एकोणीसशे सतरा. या साली येझरवर कामील फर्मेर्श मेला. हुकूम फ्रेंचमध्ये होता. त्याला तो कळला नाही. त्याबद्दल आजवर कोणी माफी मागितलेली नाही.”

लानोआला एक शब्द समजला नाही. रांगेतल्या कित्येकांना मात्र सगळं समजलं. मग मागून एका माणसाने आपलं साल सांगितलं, फ्लेमिशमध्ये. त्याच्यामागून आणखी एकाने. बघता बघता तिघेचौघे बोलायला लागले आणि लानोआचा चेहरा लालबुंद झाला. बिल्ला काढा आणि उद्यापासून येऊ नका, असं त्याने आलिडाला बजावलं.

तिने बिल्ला काढून यंत्रावर ठेवला. आपल्याला काय वाटतं ते त्याला सावकाश, सविस्तर, फ्लेमिशमध्ये सांगितलं. ती काय म्हणाली, असं तो चारचौघांना विचारत राहिला. कोणी सांगितलं नाही.

बाहेर बाकावर बसून मेडार्डने पिशवीतलं उकडलेलं अंडं काढलं, सोललं आणि अर्धं लेकीला दिलं. नोकरी गेली, असं ती म्हणाली. गेली, असं तोही म्हणाला. मग दोघं खायला लागली.

“कागदावर तसं नव्हतं,” तो एकदम म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?”

“तुझ्या खांद्यावरून वाचलं की. एका आवाजात बोलत होते, असं लिहिलंय त्यांनी.”

आलिडाचा घास हातातच राहिला. “बाबा, तुम्हाला फ्रेंच येतं?”

“येतं ना. कामील गेल्यावर खंदकातच शिकलो, पुढचा हुकूम तरी कळावा म्हणून,” मेडार्ड म्हणाला. “बोलत नाही, एवढंच.”