मधमाश्यांचा धडा

“साळू, नुसतं ‘हजर’ म्हण. बाकी काही नको.”

साळूनं मान खाली घातली. चौथीचा सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. धोंडिराम गुरुजींनी हजेरीपटावर आपणच खूण केली आणि पेन टेबलावर आपटलं. वडूजच्या त्या शाळेत येऊन तिला चौथं वर्ष लागलं होतं, पण तिचा आवाज कुणीही ऐकला नव्हता. विचारलं की ती बांगड्या फिरवत बसायची. दिवाळीनंतर एक बांगडी फुटून हात कापला, तेव्हा गुरुजींनी सगळ्याच काढायला लावल्या. तेव्हापासून ती रिकामं मनगट चोळायची.

हेडमास्तरांचा धीर संपला होता. साळूला परगावच्या मुक्या मुलांच्या शाळेत ठेवावं, असा कागद त्यांनी तयार केला. तो वाचून दाखवला तेव्हा, ऐकल्याबद्दल म्हणून, साळूच्या आईनं, हरणाबाईनं, खाली अंगठा उठवला आणि तिथंच रडू लागली. जेमतेम पंचविशीची बाई. रडताना तीच लहान पोर वाटत होती.

“आवं गुरुजी, घरात पोरगी गप बसत न्हाई. बोलून बोलून मला दमिवती. कशाला धाडताय तिला लांब?”

सगळ्याच आया असं म्हणतात, असं गुरुजींना वाटलं. तरी घरी जाऊन त्यांना चैन पडेना. पोरीची गणितं वर्गात सगळ्यांच्या आधी सुटायची. साळूचा बाप अर्जुना फौजेतून रजेवर आला होता. गुरुजींनी त्याला साळूला घेऊन मिरजेच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं.

तो दुसऱ्या दिवशी परत आला.

“डॉक्टर म्हनलं, पोरगी हट्टी न्हाई, मुकी तर न्हाईच. चारचौघांत तिचा घसाच आवळतो. रागावू नगा, आमिष दावू नगा. घरात बोलती तवा टेप करा, आन् आदी एकट्या गुरुजींना ऐकवा. मग हळूहळू एकेक मानूस वाढवा.”

फौजेच्या कँटीनमधून आणलेला टेपरेकॉर्डर त्याच्या घरात होताच. हेडमास्तरांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. आपणही ऐकणार, ही अट घातली. धडाही त्यांनीच नेमून दिला, मधमाश्यांचा.

गुरुजी रोज शाळेच्या दारात अर्जुनाची वाट बघत उभे राहू लागले. बुधवारी तो म्हणाला, “मशीन दिसलं की पोरगी पळतीया.” गुरुवारी म्हणाला, “आज मलाच भायेर काडलं. मायलेकी कडी लावून बसल्यात.” शुक्रवारी हसतच आला.

“झालं, गुरुजी.”

शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात टेप लावला. बारीक आवाज मधमाश्यांचा धडा म्हणू लागला. खरखर फार होती, मधूनच बांगड्या किणकिणत होत्या. पण आवाज अडखळला नाही, पान उलटायलासुद्धा थांबला नाही. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. आईवर विश्वास ठेवला नाही, याची त्यांना लाज वाटली.

हरणाबाई पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. साळूला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. मनगट चोळून चोळून तिनं लाल केलं होतं.

टेप संपला. हेडमास्तरांनी तो बंद केला.

“एक-दोन शब्द इकडचे तिकडे झाले,” ते म्हणाले, “पण तेवढं चालायचंच. आवाज आहे पोरीला.” त्यांनी कागद हातात घेतला आणि फाडायला लागले.

“चुकलं.”

गुरुजींना आधी टेपच वाटला. मग त्यांनी वळून बघितलं. साळूचे ओठ थरथरत होते. अर्धा फाटलेला कागद हेडमास्तरांच्या हातातच राहिला.

“काय चुकलं, बाळ?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“दोन जागी चुकलं,” साळू म्हणाली. “म्या धा बारी पाठ करून घेतलं, तरी आई तितंच चुकती.”